आत्याच्या खोलीतली ऊब

आमच्या सूनबाईनं गरम चहा कधी प्यायलाच नाही. कपात चमचा फिरवायचा आणि उठलेला भोवरा बघत बसायचं. लग्नानंतर आठवडाभरातच माझ्या बायकोनं मला कोपऱ्यात घेतलं, "अहो, पोरीला काही मनाचं दुःख नाही ना?"

"दुःख कसलं? त्याचाच पगार मिळतो तिला!"

वीजकेंद्राच्या नळ्यांतून पाणी, वाफ कशी वाहील, कुठं अडखळेल, याचं गणित ती मांडते. इंधन वाचतं म्हणे.

आमच्या रांगेतल्या सगळ्या घरांना भिंतीलगतच्या लोखंडी नळांतून फिरणारं एकाच बॉयलरचं गरम पाणी ऊब पुरवतं. आमचं घर पहिलं, त्यामुळं कडाक्याच्या थंडीतही मी बनियनवर. माझी थोरली बहीण शेवटच्या घरात एकटी. रांगेत लहानथोर तिला आत्याच म्हणतात. तिच्याकडे पाणी पोचायचं ते जेमतेम कोमट. थंडीनं गुडघे धरले, तेव्हा तिच्या लेकानं तिला दूर आपल्या शहरी न्यायचं ठरवलं. तिला जायचं नव्हतं. सगळे हळहळले आणि पाणी जोरात पुढं धावावं म्हणून आत्यासाठी प्रत्येकानं आपला व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. आत्या आणखीच गारठली!

सूनबाईनं घरोघरच्या नळांची लांबी-जाडी मोजली, रविवारभर समीकरणांशी भांडली आणि आत्यासमोरच मला म्हणाली, "बाबा, पाणी तुमच्यासारखंच. पहिलं उघडं दार दिसलं की शिरतं आणि गप्पा ठोकत बसतं. पुढं जातंय कशाला! सगळ्यांचे व्हॉल्व्ह थोडेथोडे आवळायचे. सर्वांत जास्त आपला."

"सासऱ्यालाच थंडीत घालतेस?"

"गणितात सासरा नसतो, बाबा."

"अगं बाई!" आत्या म्हणाली, "हे मला वेळेवर कुणी सांगितलं असतं, तर मीही गणितच शिकले असते!"

सूनबाई पाना घेऊन दारोदार फिरली. कुणी कुरकुरलं, पण आत्याचं नाव निघताच व्हॉल्व्हपुढची खुर्ची सरकवली. त्याच संध्याकाळी लेक न्यायला आला, तेव्हा बांधाबांध झाली होती. जाता जाता आत्यानं सवयीनं नळावर हात ठेवला आणि झटकन मागं घेतला.

"मेलं, चटका बसला!" म्हणाली आणि रडायलाच लागली. लेकानं बांधलेली बॅग पुन्हा उघडली.

आता घरात मी स्वेटर घालून बसतो. बोचतो मेला, पण काढवत नाही. हाक मारली की बहीण ओ देते, याहून काय हवं? आणि सूनबाई तिच्याकडे गेली, की आत्या तिचा चहाचा कप त्या गरम नळावर ठेवते, "बघ गं भोवरे. हवा तितका वेळ बघ."