एकच्या डब्याची परीक्षा

बसायची जागा निवडावी तर माझ्या आत्येसासूबाईंनीच. या एका विषयात त्यांचा हात धरील असं माणूस ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत नाही, आणि त्यापलीकडच्या जगाबद्दल त्यांना फारसा आदर नाही. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्या की त्या नवरानवरीकडे बघत नाहीत, आधी पंखे बघतात. पण पंख्याखाली बसत नाहीत. "पंख्याखाली गर्दी होते, आणि गर्दीत वाढपी नेमका आपल्यालाच विसरतो," हे त्यांचं संशोधन. डॉक्टरकडे त्या दाराजवळ कधी बसणार नाहीत, कारण दाराजवळचा माणूस 'तुम्ही जा, तुम्ही जा' करत शेवटी घरीच जातो. बागेत एक बाक पसंत पडायला त्यांना तीन बाकांवर बसून उठावं लागतं, आणि तोवर आमची फिरायची वेळ संपलेली असते. माझ्या नवऱ्याने एकदा वैतागून विचारलं, "आत्या, बूड टेकवायला एवढं काय बघायचं असतं?" तर म्हणाल्या, "मेल्या, आयुष्यात माणूस उभा किती असतो आणि बसलेला किती, याचा कधी विचार केलायस?" त्याने केला नव्हता. तो बाकावर बसला.

हा अधिकार आत्यांना चौतीस वर्षांच्या बैठकीतून आलेला. माणसं मूळची मालवणकडची, वडील गिरणीत, घर चाळीतलं. मॅट्रिक झाल्या आणि एका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी, आणि खांद्याला खांदा लावून बसलेल्या बायकांची लांबलचक रांग. मी हेडफोन लावून परदेशातल्या लोकांशी बोलते याचं सगळ्या घराला कौतुक, पण आत्यांना काडीचं नाही. "तू आता फॉरेनला बोलतेस गो," त्या म्हणतात, "मी तेव्हा फॉरेनला होल्डवर ठेवायची." आणि या नोकरीची एक गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली आहे की मी झोपेतही म्हणून दाखवीन. नोकरीचा पहिला दिवस. एक वाजला. त्यांनी डबा उघडला, आत तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी. झाकण काढलं मात्र, तीन जणी वळल्या, "काय आणलंयस गं?" माझ्या लग्नात ही गोष्ट ऐकली तेव्हा त्या तीनच होत्या. धाकट्या दिरांच्या लग्नापर्यंत पाच झाल्या. अलीकडे सात जणी वळतात, वर सुपरवायझर बाई स्वतःची खुर्ची ओढून येतात. भाकरी आणि चटणी मात्र तेवढीच राहिली आहे.

आता मी आत्यांच्या या विद्यापीठात कशी दाखल झाले ते सांगते. माझी कंपनी हॉलंडची, काम घरून, आणि घर म्हणजे मुलुंड पूर्वेला दोन खोल्या. एका खोलीत मी, दुसरीत सासूबाई आणि त्यांच्या मालिका, आणि वरच्या मजल्यावर एक सद्गृहस्थ, जे दोन वर्षं फरशा कापत होते. त्यांच्या घरात एवढी फरशी मावते कुठे, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. एकदा मोठ्या क्लायंटपुढे मी तोंड उघडलं आणि आमच्या कुकरने लागोपाठ तीन शिट्ट्या दिल्या. पलीकडचा डच माणूस पांढराफटक पडून म्हणाला, तुम्हाला इमारत सोडून बाहेर जावं लागणार आहे का? मी म्हटलं, नाही, डाळ शिजली. त्या दिवशी साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं की महिन्याभरात शांत जागा शोध, नाहीतर हा क्लायंट दुसऱ्या कोणाकडे द्यावा लागेल. आली का पंचाईत! मग नवरा म्हणाला, को-वर्किंग स्पेस बघ. आत्या जवळच राहतात, त्या तेव्हा समोरच बसल्या होत्या. त्यांना समजावलं की तिथे टेबल-खुर्ची भाड्याने मिळते, वायफाय मिळतं, चहा-कॉफी मिळते आणि प्रत्येक जण आपापल्या कंपनीचं काम करतो. आत्यांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे धर्मशाळा. फक्त देव नाही. चल, मी येते."

त्यांच्या परीक्षेचे तीन पेपर असत. पहिला मोरीचा. रिसेप्शनवरची मुलगी गोड हसून 'वेलकम मॅम' म्हणेपर्यंत आत्या बाथरूम शोधून आत गेलेल्या असत. "जिथली मोरी बघवत नाही, तिथली खुर्ची बघू नये," हा नियम. दुसरा पेपर खुर्चीचा. खुर्चीत त्या नुसत्या बसत नसत, तिला प्रश्न विचारावेत तशा पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे झुकून बघत. मालाडच्या एका जागेत खुर्च्याच नव्हत्या, रंगीबेरंगी मऊ पोती होती, बीन बॅग म्हणतात ती. मी नको नको म्हणेपर्यंत आत्या एका पिवळ्या पोत्यात बसल्या आणि दिसेनाशा झाल्या. वर फक्त पर्स राहिली. मी आणि तिथला मॅनेजर, दोघांनी एकेक हात धरून ओढलं तेव्हा कुठे त्या बाहेर आल्या, पदर सारखा केला आणि त्या पोराला म्हणाल्या, "बाळा, ही बसायची जागा नाही, पडायची आहे. इथे जो येईल तो काम कधी करील?" त्याच्यामागे चार तरुण पोती पांघरून झोपल्यासारखे पसरले होते.

तिसरा पेपर सगळ्यात कठीण, आणि त्यात बहुतेक जागा नापास होत. बरोबर एक वाजता आत्या पिशवीतून डबा काढत आणि उघडत. मग हातातल्या घड्याळाकडे बघत बसत. पाच मिनिटांत आजूबाजूचं कोणी 'काय आणलंय?' म्हणून विचारलं नाही तर झाकण लावायचं आणि उठायचं. मोरी कितीही लखलखीत असू दे. अंधेरीला एका काचेच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर सगळं झकास होतं. खुर्च्या तर अशा की बसल्यावर पाठ आभार मानील. मी मनातल्या मनात पैसेसुद्धा भरले होते. एक वाजला, आत्यांनी सुकट उघडलं. अहो, त्या एसीत तो वास असा काही सुटला की अकराव्या मजल्यावर भरतीचं पाणी आलं असं वाटावं. चाळीस माणसं बसली होती, एकाने मान वर केली नाही. फक्त मॅनेजर धावत आला, "आंटी, प्लीज, पॅन्ट्रीमध्ये बसा ना." पॅन्ट्रीत भिंतीला लावलेली उंच फळी, उंच स्टुलं, आणि लोक ओळीने भिंतीकडे तोंड करून मोबाईल बघत खात होते. आत्या दारातच थबकल्या. नंतर लिफ्टमध्ये म्हणाल्या, "शाळेत शिक्षा करायचे तेव्हा असं उभं करायचे. ही तर भाडं देऊन बसली आहेत." मी चिडले होते. म्हटलं, "आत्या, मला तिथे काम करायचंय, जेवणावळी नाही घालायच्या!" त्यावर त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा घट्ट दाबलं आणि खाली उतरून रिक्षाला हात केला.

शेवटी महिना संपायला चार दिवस असताना जागा सापडली ती आमच्याच मुलुंडात, एका स्टेशनरीच्या दुकानावर. पंधरा टेबलं. मोरी पास, खुर्च्या काठावर पास. एक वाजता डबा उघडला आणि दुसऱ्याच मिनिटाला पलीकडचा टक्कल पडलेला सीए खुर्ची सरकवत म्हणाला, "काकू, सुकट का? आईशप्पथ, किती वर्षांनी!" त्याच्यामागून मालिकांची भाषांतरं करणारी एक मुलगी आली. ती शाकाहारी निघाली, पण विचारायला आली. आत्यांनी मला कोपराने ढोसलं, "पैसे भर." मी भरले. वायफाय बघायचं दोघीही विसरलो. दुसऱ्या दिवशी कळलं की तिथलं वायफाय लहरी माणसासारखं आहे, आलं तर आलं. माझी तर वाट लागली! पण आत्या सकाळी नऊला येऊन त्या जागेत ठाण मांडून बसल्या, लाइन दुरुस्त करणाऱ्या कंपनीला दर वीस मिनिटांनी फोन करत राहिल्या, आणि चार वाजता माणूस आला तेव्हा त्याच्या शिडीला धरून "तो जॉइंट बघ, तो गंजलाय" असं खालून सांगत होत्या. जॉइंट गंजलेलाच होता. क्लायंट वाचला, नोकरी वाचली. त्यानंतर तीन वर्षं आत्या आठवड्यातून दोनदा तरी एक वाजता 'सहज' येत, आणि त्या आल्या की पंधराच्या पंधरा माणसं हेडफोन काढत.

मग नवऱ्याची दोन वर्षांसाठी लिस्बनला बदली झाली. कंपनी हॉलंडची, नवरा पोर्तुगालचा, आणि मध्ये मी, लॅपटॉप घेऊन. कागदोपत्री किती सुंदर दिसतं! प्रत्यक्षात तो सकाळी जायचा आणि मी संध्याकाळपर्यंत स्क्रीनशी बोलायची. खाली भाजीवाल्याशी हुज्जत घालावी तर तेवढीही भाषा येत नव्हती. दुसऱ्या महिन्यात मी नवऱ्याला सांगून टाकलं, महिनाअखेरपर्यंत बसायला धड जागा मिळाली तर ठीक, नाहीतर मी मुलुंडला परत जाते, तू दोन वर्षं ये-जा कर. त्याचा चेहरा उतरला, पण मी बोलले ते मनापासूनच बोलले होते.

जागा बघायला अर्थात आत्या बरोबर होत्या, व्हिडिओ कॉलवर. "फिरव. डावीकडे फिरव. आता मोरी." लिस्बनच्या पाच को-वर्किंगवाल्यांनी मला मोबाईल उंच धरून त्यांच्या बाथरूममध्ये शिरताना बघितलं आहे, त्यांच्या मनात माझ्या देशाबद्दल काय प्रतिमा झाली असेल देव जाणे. मोऱ्या सगळ्या पास. खुर्च्या सगळ्या पास. आणि दर ठिकाणी एक वाजता मी डबा उघडायची, मुलुंडला तेव्हा संध्याकाळच्या चहाची वेळ, आत्या कप हातात धरून माझ्याबरोबर पाच मिनिटं मोजायच्या. कोणी विचारायचं नाही. लोक वाईट नव्हते हो, हसायचे, दार धरून ठेवायचे. पण एका हातात सँडविच, दुसरा हात कीबोर्डवर, आणि डोळे समोर. पाचव्या जागेत पाच मिनिटं संपली आणि मी झाकण लावता लावता रडायलाच लागले. म्हटलं, "आत्या, पुरे झालं. मी परत येते. तुम्हाला पहिल्या दिवशी सात जणींनी विचारलं, इथे मला सात जन्मात कोणी विचारणार नाही."

पलीकडे आत्यांनी कप खाली ठेवला, आणि एरवी फक्त भांडताना येणारी त्यांची मालवणी हळूच आली. "माका कोणीच इचारूक नाय गो." मला कळेचना. मग त्या सावकाश, मुंबईच्या मराठीत सांगू लागल्या, जणू साक्ष देत होत्या. "पहिल्या दिवशी मी झाकण काढलं आणि शेजारची उठून पलीकडे गेली. वास आला तिला. दुसऱ्या दिवसापासून मी जिन्यात बसून जेवायची, भिंतीकडे तोंड करून. महिनाभर. रोज घरी येऊन आईला सांगायची, आज तीन जणींनी विचारलं. ती खूश होऊन दुसऱ्या दिवशी एक भाकरी जास्त द्यायची. ती जास्तीची भाकरी मला जाईना. मग एक दिवस आत येऊन बसले आणि शेजारणीच्या डब्यात डोकावून मीच विचारलं, काय आणलंयस गं?" "मग?" मी विचारलं. "दुधी." आत्यांनी नाक मुरडलं. "अगदी पाणचट दुधी. पण खाल्ला. त्यानंतर चौतीस वर्षं मी एकटी जेवले नाही."

अंधेरीच्या त्या लिफ्टमध्ये मी यांच्यावर चिडले होते, ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच म्हणाल्या, "आता डोळे पूस. आणि उद्या त्याच जागेत जा, खुर्ची चांगली आहे ती."

दुसऱ्या दिवशी गेले. एक वाजता डबा उघडला, बटाट्याची भाजी आणि पोळी. पाच मिनिटं मोजली. कोणी नाही. डावीकडे एक दाढीवाला, दाराएवढा माणूस एक चपटा स्टीलचा डबा उघडत होता. मी हातातली पोळी खाली ठेवली आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली. इंग्रजीत विचारलं, "काय आणलंय?" तो दचकला. मग त्याने हेडफोन काढला, डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "आईने दिलेत." सुकवलेल्या माशाचे वडे होते. खरंच सांगते, सुकवलेल्या माशाचे! मी एक उचलला, तो माझी पोळी हातात धरून ती कशी खातात ते विचारू लागला. एवढंच झालं. आणखी कोणी आलं नाही.

संध्याकाळचा चहा संपायच्या आत मी मुलुंडला फोन लावला. आत्यांनी उचलला तो पहिल्याच घंटेला, आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "किती जणांनी विचारलं?"

मी म्हटलं, "सात जणींनी."

त्या म्हणाल्या, "सुपरवायझर धरून?"

"धरून."

"मग जागा चांगली आहे," आत्या म्हणाल्या. "बस तिथेच. आणि उद्या एक पोळी जास्त ने."