आयर्लंडमध्ये बाबा कोणत्या भाषेत बोलले?

मी नर्स आहे. कित्येक माणसं जाताना जवळून पाहिली, पण कोणाच्या खाटेशी मला कधी काही ‘दिसलं’ नाही. असले अनुभव वाचताना आधी ताप किती होता आणि मग औषधं कोणती चालू होती, असं विचारणारी मी बाई... आज स्वतःच लिहायला बसलेय. हसायचं तर खुशाल हसा, तुमच्या जागी मीही हसले असते.

माहेर वसईचं. किल्ल्यापासून सायकलने अर्ध्या तासावर गाव, केळीची आणि पानवेलीची वाडी. आम्ही ख्रिस्ती. घरात कादोडी बोलतो, पण इथे सगळ्यांना कळावं म्हणून बोलणं साध्या मराठीत देते. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की घरात प्रार्थना, आणि ती संपली की धाकट्यांनी थोरांपुढे हात जोडून आशीर्वाद मागायचा. थोरांनी हवेत क्रूस काढायचा, दोन शब्द बोलायचे. लांबच्या प्रवासाला निघतानाही तसंच. आमच्या घरचा नियम एकच — आशीर्वाद मागेल त्याला. न मागता कोणी देत नाही.

२००१ मध्ये मला आयर्लंडला नोकरी लागली. आईला ते अजिबात पटलं नाही. “आजारी माणसं वसईत नाहीत का?” हा तिचा एकच सवाल. मीही तिचीच मुलगी, तोंडाने फटकळ. महिनाभर आम्ही धड बोललो नाही. निघायच्या सकाळी ती मुद्दाम वाडीत जाऊन केळीची पानं कापत बसली. रिक्षा कुंपणाजवळून गेली तेव्हा ती पाठमोरी होती. उतरून दहा पावलं चालायची होती फक्त... नाही उतरले.

चौदा महिन्यांनी आई गेली. हार्ट अटॅक. मी पोचले तेव्हा तिला माती देऊन दोन दिवस झाले होते.

ती माझ्यावर रुसूनच गेली का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. सांगू शकणारं माणूस एकच, बाबा. पण विषय काढला की ते म्हणायचे, “तुझी आई तशीच होती,” आणि कोयता घेऊन वाडीत निघून जायचे.

पुढच्या वर्षी जूनमध्ये त्यांना तिकीट पाठवून बोलावून घेतलं. मनात म्हटलं, गाडीत कोंडलं की बोलतील. गाडीतून कोयता घेऊन जाणार कुठे?

काय दिवस होते ते! माझी जुनी लाल गाडी, आठ दिवसांची रजा, आणि कुठेही वेळेवर पोचायची घाई नाही. गॉलवेहून पश्चिमेला निघालो. एकीकडे समुद्र, दुसरीकडे डोंगर आणि मैलोन्‌मैल दगडी कुंपणं. बाबा म्हणाले, “एवढे दगड रचत बसले तर ही माणसं शेती कधी करतात?” मेंढ्यांच्या पाठीवर निळा रंग लावलेला पाहून त्यांना हसू आवरेना. एका मोठ्या हॉटेलात बाथटब होता. बाबांनी कचऱ्याचा डबा स्वच्छ विसळला आणि त्याचीच बादली करून टबात उभं राहून आंघोळ केली. दुसऱ्या एका हॉटेलात जिन्यावरच्या गालिच्यावर पाय ठेवायला तयार नाहीत, चपला हातात घेऊन वर गेले. घरून आणलेली सुकेळी — आमच्याकडची उन्हात वाळवलेली राजेळी केळी — केळीच्या वाळल्या सोपटात बांधलेली — जिथे उतरू तिथल्या मालकाच्या हातावर ठेवायचे. इंग्रजी म्हणाल तर ‘थँक्यू’ आणि ‘नो मिल्क’. बस्स. इस्पितळात मी रोज शंभर माणसांशी बोलते, पण त्या आठवड्याइतकं मनापासून नंतर कधी हसले नाही.

आईचा विषय मात्र गाडीतही निघाला नाही. मी काढला की ते खिडकीबाहेर मेंढ्या मोजायचे.

पाचव्या दिवशी कॉनेमारामधल्या एका खेड्यात चार खोल्यांच्या गेस्ट हाउसमध्ये उतरलो. मालकीण ब्रिजिटबाई, सत्तरीच्या, एकट्या. संध्याकाळी साडेपाचला मी पंक्चर काढायला गावात गेले. बाबा त्यांच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसले होते. परत आले तेव्हा सात वाजून गेले होते. तिकडे जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं. दोघं टेबलाशी समोरासमोर बसले होते. दोघांचेही डोळे लाल, आणि मधे सुकेळी उघडलेली.

मला पाहून बाबा उठले आणि “जरा फिरून येतो” म्हणून बाहेर पडले. ब्रिजिटबाईंनी माझा हात धरला.

“सहाला रेडिओवर प्रार्थनेची घंटा झाली तसे तुझे वडील उठून उभे राहिले,” त्या म्हणाल्या. “आम्ही दोघांनी प्रार्थना केली. मग म्हणाले, बायको असती तर आता मला तिच्यापुढे हात जोडावे लागले असते.”

“हात जोडावे? तिच्यापुढे?”

“तुझ्यासाठी गं. तू आशीर्वाद न मागताच गेलीस ना! आणि तुमच्यात मागितल्याशिवाय देत नाहीत. मग तुझ्या आईने काय करावं? रोज संध्याकाळी नवऱ्याला समोर उभं करायची. त्याने तुझ्या नावाने मागायचा, तिने द्यायचा. शेवटच्या संध्याकाळीसुद्धा. म्हणाले, या वयात बायकोपुढे पोरासारखं उभं राहायची लाज वाटायची, म्हणून मुलीला कधी सांगितलं नाही.”

बाबांच्या खुर्चीत बसत मी विचारलं, “हे तुम्हाला त्यांनी... खुणांनी सांगितलं?”

“खुणांनी कशाला? चांगलं इंग्रजी बोलतात की. जरा सावकाश, एवढंच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. दोन-तीन मैलांवर एका तळ्याकाठी मी गाडी थांबवली.

“बाबा, काल ब्रिजिटबाईंशी काय बोललात?”

“भली बाई आहे. मुलगा ऑस्ट्रेलियात. तिने घोडी विकली म्हणून रुसून गेला, पाच वर्षं पत्र नाही. मी म्हटलं, वाट काय बघतेस, तूच लिही.”

“कोणत्या भाषेत म्हटलंत?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच काहीतरी झालंय. “आपल्याच की. ती आपलंच बोलत होती. तुला सांगणारच होतो, इतक्या लांब येऊन शिकली कुठे, ते विचार.”

मग मी त्यांना आईचं विचारलं. सगळं, जसं ऐकलं तसं. बाबांचा चेहरा उतरला. “त्या बाईने सांगितलं तुला?” म्हणाले. मी म्हटलं, “एवढंच सांगा, आई काय म्हणायची?”

“म्हणायची, देव तुझं बरं करो. आणि मग मला म्हणायची, फोन आला की सांगा तिला, गरम कपडे घालत जा म्हणावं.” तो निरोपही त्यांनी लाजेपायी कधी दिला नव्हता. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले, आणि बाबा माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

नाताळात ब्रिजिटबाईंना फोन केला. मुलगा आला होता. घोडीची गोष्ट शब्दन्‌शब्द खरी निघाली. बाबा इंग्रजी बोलले, यावर त्या ठाम. आणि ती बाई कादोडी बोलली, यावर बाबा शेवटपर्यंत ठाम. आमच्या फादरना विचारलं तर ते नुसते हसले. लग्नानंतर नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणतो, हावभावांवरून कळलं असेल. रोज संध्याकाळी, चौदा महिने, मुलीच्या नावाने — हे हावभावांनी करून दाखव म्हटलं, तर चहा टाकायला उठला.

आता बाबाही नाहीत. पण चौदा महिने माझ्या जागी माझे वडील हात जोडून उभे राहिले, आणि आईने एकदाही त्यांना रिकामं परत पाठवलं नाही, एवढं मला ठाऊक आहे. ते माझ्यापर्यंत पोचलं कसं, हे मला अजूनही सांगता येत नाही.