शेतातलं औषध

माझं माहेर यवतमाळजवळच्या कळंबचं, पण घरी शेती नाही. म्हणूनच मी ती चूक केली. झरी जामणी तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या शाळेत मी चौथीला शिकवत होते. पुस्तकातलं झाड फळ्यावर काढून शिकवण्याचा मला मनापासून कंटाळा. मुलांनी पानं चुरगाळावीत, हुंगावीत, जिभेला लावून पाहावीत, असा माझा हट्ट. त्याचा मला जरा तोराही होता.

फवारणीचे दिवस होते. मी सांगितलं, "उद्या शेतातलं एकेक औषध आणा. डोळे मिटायचे, वास घ्यायचा, चव बघायची अन् ओळखायचं."

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात तुळस आली, अडुळसा आला, कडुलिंब तर ढीगभर. मी एका टोकाला कडू तोंडं बघून हसत होते. दुसऱ्या टोकाला एका मुलीनं खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत काहीतरी भरून आणलं होतं. पाळी आल्यावर तिनं डोळे मिटले, बोट बुडवलं आणि चाटलं. बाटली तिच्या फ्रॉकवर सांडली. थोड्याच वेळात तिला उलट्या सुरू झाल्या, तोंडातून लाळ गळायला लागली.

मुख्याध्यापकांच्या गाडीवर ती आमच्या दोघांच्या मधे होती. घामानं निथळत होती. म्हणाली, "मायी याडी हात लाऊ देत नाई त्याले. तुमी सांगतलं म्हून आणलं." याडी म्हणजे तिची आई.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "काय घेतलं पोरीनं?"

मी म्हटलं, "औषध."

तिनं पुढं एक शब्द विचारला नाही. फ्रॉक कापून काढला आणि डॉक्टरांना हाक मारली. इथं शेतातलं औषध म्हटलं की फवाऱ्यातलंच, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. इतकी वर्षं याच जिल्ह्यात राहून मला ते कळू नये, याची आजही लाज वाटते.

तिला यवतमाळला हलवलं. ती वाचली. परत आली तेव्हा पेन्सिल धरताना बोटं थरथरायची.

चौकशीला एक साहेब आले. मी सरळ सांगितलं, "औषधी वनस्पती आणा, असंच म्हणाले होते मी." वर्गातली सगळी पोरं माझ्याकडे बघत राहिली. साहेबांनी तिला विचारलं.

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. "हो जी. मॅडमनं झाडाचा पालाच आणाले सांगतलं होतं. मलेच समजलं नाई."

साहेबांनी तसं लिहून घेतलं. मी खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. मूठ उघडून तुळशीची चार पानं माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "मॅडम, हेच आणाचं होतं ना?"

मी हो म्हटलं. तिच्या हाताकडे बघत म्हटलं, तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही.