धसईच्या मावशीचं कपाळ

मुलांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एकच बातमी दिलीत, की शाळेच्या विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीला तुम्ही दोघंही आपापल्या वर्गातून उभे आहात. मग थोरलीने चार वेगवेगळे कपडे अंगाला लावून दाखवले आणि विचारलं, "आजी, भाषणाला यातलं काय घालू? हे घातलं तर मी रागीट दिसते का?" धाकटा मागे केळं खात उभा होता, ज्या टीशर्टात झोपला होता त्याच टीशर्टात. त्याला विचारलं, तू काय घालणार. तो म्हणाला, "हेच." तुमच्या आईलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

फोन ठेवल्यावर मी ठरवलं की धसईच्या मावशीची हकीकत आता लिहूनच काढायची. तुमची भाषणं पुढच्या आठवड्यात आहेत, आणि फोनवर सांगायला गेले की तुमच्याकडे कोणीतरी जेवायला हाक मारतं.

धसईची मावशी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, म्हणजे ती तुमची मावशी आणि मी तिची. मुरबाड तालुक्यात धसईला दिली. नवऱ्याची भाताची गिरणी आहे. पाच वर्षं ती तिकडे सरपंच होती. तेव्हा जागा बायकांसाठी राखीव होती, म्हणून कोणी फार मनावर घेतलं नाही. त्या पाच वर्षांत तिने डोंगराकडच्या पाड्यांना जाणाऱ्या ओढ्यावर एक साकव, म्हणजे माणसांपुरता लहान पूल, बांधून घेतला. दुसऱ्या ओढ्यावरचा साकव तालुक्याच्या कचेरीत अडकला. पावसाळ्यात त्या ओढ्यापलीकडच्या पाड्यावरची बाळंतीण झोळीत घालून चार माणसं पाण्यातून आणतात, हे तिने स्वतः पाहिलं होतं. तो साकव सोडवायचा तर तालुक्याला पंचायत समितीत जाऊन बसायला हवं, म्हणून ती उभी राहिली. या वेळी जागा राखीव नव्हती आणि समोर पुरुष होता. साकव सोडून तिला दुसरं काही नको होतं.

मी सापगावहून एसटीने शहापूर, तिथून मुरबाड, मुरबाडहून धसई अशी दोन आठवड्यांसाठी गेले. शहापूरच्या शाळेत सगळा जन्म इंग्रजी शिकवल्यामुळे मला वाटत होतं की मी तिची भाषणं तपासून देईन. भाषणं कोणी ऐकतच नव्हतं. लोक तिला बघत होते.

मी एक वही केली. डाव्या पानावर तिच्या दिसण्याबद्दल कानावर आलेलं, उजव्या पानावर समोरच्या उमेदवाराच्या, ज्यांना सगळे साहेब म्हणत, दिसण्याबद्दल. पहिल्या दिवशी ती सुती साडी नेसली, तर "आमच्याकडे येताना घरातलीच साडी नेसून आली." दुसऱ्या दिवशी जरा बरी नेसली, तर "रोज नवी साडी, एवढ्या आणते कुठून?" तिसऱ्या दिवशी पहिल्याच दिवसाची धुऊन नेसली. एका ओट्यावरची म्हातारी मला म्हणाली, "ही परवाचीच ना गो? मंग दुसरी नाय काय तिच्याकडं?" तिच्या चष्म्याच्या काचा उन्हात काळ्या होणाऱ्या. त्यामुळे उन्हातून अंगणात शिरली की "गॉगल लावून मतं मागते." आत सावलीत बसून काचा पांढऱ्या होईपर्यंत ते वाक्य पुढच्या घरी पोचलेलं असायचं. केस पांढरे म्हणून "दमलेली दिसते." मी तिला कलप लावायला लावला, तर "या वयात हौस बघा."

साहेब खराखुरा काळा गॉगल लावायचे, सोनेरी काडीचा. त्यांच्या कलपाचा रंग कानाशी तांबूस झाला होता आणि शर्टाचं पोटावरचं बटण रोज नव्याने हार पत्करत होतं. उजव्या पानावर पाच दिवसांत एकच नोंद झाली. "साहेबांची चप्पल झिजली हो, किती फिरतात." मावशीची चप्पलही झिजली होती. तिची नोंद डाव्या पानावर आहे. "स्लिपर घालून आली."

खरं सांगायचं तर पाचव्या दिवशी संध्याकाळी मीही पकडली गेले. साहेबांची मिरवणूक दुपारी आमच्या जीपशेजारून गेली होती. लिहायला बसले तर त्यांच्या शर्टाचा रंग मला आठवेना. मावशीच्या साडीचा काठ मात्र पोलक्याशी जुळत नव्हता, हे मला सकाळपासून टोचत होतं आणि मी तिला ते दोनदा सांगितलंही होतं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "मावशी, तू डाव्या पानावर स्वतःचं नाव लिही." मी लिहिलं.

आता मुख्य गोष्ट. ती माझ्या हातून घडली.

आमच्याकडे मतं मागायला दाराशी आलेल्याला ओवाळतात. कोणत्याही पक्षाचा असो, दाराशी आला की घरची सवाशीण ताम्हन घेऊन येते, कपाळाला ओलं कुंकू लावते, त्यावर तांदूळ चिकटवते, निरांजन फिरवते. एका वाडीत पंधरा घरं असली की पंधरा वेळा कुंकू. माझ्यासारख्या विधवेने ओवाळायचं नसतं आणि लोक अवघडतात, म्हणून मी जीपमध्येच बसायचे, पाण्याची बाटली आणि घड्या घातलेले रुमाल सांभाळत.

त्या दिवशी भर दुपारी मावशी एका वाडीतून परतली तेव्हा तिच्या कपाळावर कुंकवाचा थर जमला होता. घामाने ते नाकावरून ओघळलं होतं, चष्म्याची एक काच लाल झाली होती आणि डोळ्यात गेल्यामुळे तिला पायरी दिसत नव्हती. मी रुमाल ओला करून तिच्या हातात दिला. तिने भुवईपासून केसांपर्यंत एका हाताने सगळं पुसून काढलं. रस्त्यापलीकडून कोणीतरी फोटो काढला.

तुम्हाला हे समजणार नाही म्हणून सांगते. बाईने चारचौघांत कपाळावरचं कुंकू पुसायचं नसतं. नवरा गेला की ते पुसतात. तुमचे आजोबा गेले तेव्हा एका नातेवाईक बाईने माझं पुसलं होतं, त्यामुळे मला तरी हे कळायला हवं होतं. पण मला समोर फक्त एक अस्वच्छ कपाळ दिसलं, आणि अस्वच्छता दिसली की मला रुमाल देण्यावाचून राहवत नाही.

जीप धसईला पोचायच्या आधी फोटो धसईला पोचला. खाली लिहिलं होतं, "नवरा जिवंत असताना कुंकू पुसणारी बाई." टोकावड्याहून तिच्या नणंदेचा फोन आला. ती बिचारी रडत होती. आपला भाऊ गेला असंच तिला वाटलं होतं. मावशी म्हणाली, "अगं, इथंच हाय. कोंडा चाळतोय." आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला.

प्रचार करणाऱ्या मंडळींनी त्यावर डोकं चालवलं आणि ठरवलं की नवरा लोकांना दाखवायचा. हा माणूस इतका लाजाळू की स्वतःच्या लग्नात मांडवामागे उभा होता. त्याला इस्त्रीचा सदरा घालून जीपच्या पुढच्या सीटवर बसवला. दोन दिवस गिरणी बंद आणि हा वाडीवाडीतून फिरतोय. बाया जीपपाशी येऊन वाकून बघायच्या.

"बरं हाय ना तुमचं?"

"हाय बरं."

"जेवता काय?"

"जेवतो की."

दुसऱ्या दिवशी त्याला धुळीने शिंक आली, तर मागून कोणी म्हणालं, "बघा, लागलं ते कुंकू." त्यानंतर शिंक आली की तो नाक दाबून बसायचा, डोळ्यांत पाणी यायचं, मग लोक म्हणायचे, रडतोय. शेवटी तो मला म्हणाला, "मावशी, गिरणीवर जाऊ द्या मला. मी जिता हाय ते लोकांना पटलं, आता मलाच पटंना झालंय."

मावशी हसली नाही. ज्या पाड्यासाठी ती उभी होती, तिथल्याच दोन घरांनी सकाळी दार लावून घेतलं होतं. ती म्हणाली, "साकवाचं एक वाक्य कोणी ऐकत नाय. मी कपाळ घेऊन फिरते नुसती." मी रुमालाबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "तुझ्या रुमालाचा काय दोष. कुंकू लावलं पंधराजणींनी, आणि पुसलं तेवढं दिसलं."

प्रचार संपायच्या आदल्या दिवशी साहेब धसईत आले. घरामागून घर घेत आले, आणि क्रमाने आमचंही घर आलं. त्यांनी ते टाळलं नाही, कारण दार चुकवणं वाईट दिसतं. मावशी बाहेर होती. मी आत तांदूळ निवडत होते. मावशीच्या सासूबाई, माझ्याच वयाच्या, शाळेची पायरी न चढलेल्या, उठल्या आणि ताम्हन घ्यायला लागल्या. त्यांचे यजमान गावात कीर्तनाला गेले होते, म्हणजे त्या सवाशीण, त्यांना अडचण नव्हती.

मी दबक्या आवाजात म्हटलं, "विहीणबाई, यांना कशाला?"

"दाराशी आलाय ना? मंग."

साहेबांच्या कपाळावर जागा नव्हती. शेजारच्या बारा घरांचं कुंकू आधीच होतं. त्यांच्याबरोबर त्यांचा मेव्हणा असायचा, बायकोचा सख्खा भाऊ, चाळिशीचा, खांद्यावर पांढरा पंचा. प्रत्येक दाराशी पोचलं की तो पंच्याने साहेबांचं कपाळ पुसायचा, म्हणजे पुढच्या बाईला लावायला जागा व्हायची. गेले दोन आठवडे तो हे दिवसभर करत होता. त्या पंच्याचं एक टोक पार लाल झालं होतं. आमच्या ओट्यावरही त्याने सवयीने कपाळ स्वच्छ पुसलं.

विहीणबाईंचा कुंकवाने भरलेला अंगठा हवेतच थांबला. त्या साहेबांकडे बघून अगदी काळजीने म्हणाल्या, "भाऊ, बायको बरी हाय ना?"

साहेबांना कळलं नाही. "बरी हाय, काकी. का?"

"नाय, कुकू पुसलंस म्हणून इचारलं." मग त्या मेव्हण्याकडे वळल्या. "आन तूच पुसलंस रे? सख्खी बहीण ना तुझी?"

मेव्हण्याने पंच्याकडे पाहिलं. तो भला माणूस, त्याने प्रामाणिक उत्तर दिलं. "काकी, सकाळी भाकऱ्या थापून दिल्या तिनं."

आधी त्यांच्याच मिरवणुकीतल्या बाया हसल्या. एकीने तोंडाला पदर लावला, दुसरीने लावायचेही कष्ट घेतले नाहीत. साहेबही हसले, पण जरा उशिरा. विहीणबाईंनी त्यांना शांतपणे कुंकू लावलं, ओवाळलं आणि म्हणाल्या, "आता घरी जाईपतूर पुसू नको. तिचं आयुष्य वाढेल."

आणि त्यांना पुसता येईना. पुढच्या प्रत्येक घरी जुन्यावर नवं कुंकू चढत गेलं. शेवटच्या आळीत ते एक डोळा मिटून हात जोडत होते आणि मेव्हणा पंचा पाठीमागे धरून चालत होता. तरी घराघरांतून त्यांना विचारलंच, "भाऊ, बायको बरी हाय ना?" दुसऱ्या दिवशी बाजारात भाजीवाल्या बाया येणाऱ्याजाणाऱ्या पुरुषांना हेच विचारत होत्या, ज्यांच्या कपाळाला काहीच नव्हतं त्यांनाही.

मावशी त्याच दिवशी त्या पाड्यावर परत गेली. विहीणबाईंचा प्रश्न तिच्या आधीच तिथे पोचला होता. मी जीपमधून पाहिलं, लावलेली दोन्ही दारं उघडी होती. ओवाळून झाल्यावर एका बाईने स्वतःच्या पदराने तिच्या चष्म्याची काच पुसली आणि विचारलं, "तो साकव कुठंशी अडकलाय म्हणालीस?" त्या दिवशी पहिल्यांदा ती साकवाचं सगळं सांगू शकली, कागद कोणत्या टेबलावर आहे तिथपर्यंत.

ती थोड्या मतांनी निवडून आली. विहीणबाईंमुळे आली की पहिल्या साकवामुळे, हे मला ठरवता येत नाही, आणि जे ठरवता येत नाही ते मी लिहीत नाही. साहेबांनी तिच्या घरी येऊन पेढे खाल्ले. त्यांची बायकोही आली होती. ठणठणीत आहे.

तिच्या साड्यांबद्दल लोक अजून बोलतात. मुरबाडच्या पहिल्याच सभेनंतर तिला एकजण म्हणाला, "मॅडम, जरा हसत जा." दुसरा साकव मंजूर झाला आहे, खांबांचे खड्डे खणले आहेत, बांधून व्हायचा आहे. आणि धसईत आता ओवाळल्यावर एखाद्या पुरुषाने कपाळ पुसायला रुमाल काढला की बाया त्याला बायकोची तब्येत विचारतात, आणि तो रुमाल परत खिशात ठेवतो. हे अजून चालू आहे.