गौरीसारखीच पायरी चढणारी दुसरी पोर

मंडळी, आज लई खुशीत आहे!

माझ्या लेकीचा, गौरीचा आजार इतका दुर्मिळ, की डॉक्टर म्हणायचे, "एकाच पेशंटवर संशोधन कसं करणार? आणखी कुणी सापडलं तर आणा."

आज छावणीच्या बाजारात गौरी गुडघ्यांवर हात टेकत बांगड्यांच्या दुकानाची पायरी चढली. दुकानवाल्या शबानाआपा बघतच राहिल्या. "मेरी छोटी भी ऐसीच चढती."

मी उडालोच! "मग कुणाला दाखवलं नाय?"

"बडी का रिश्ता टूट जाता ना, भाई. मेहमान आते तो छोटी को अंदर के कमरे में बिठाते."

तेवढ्यात बडीच आतून बाहेर आली. "टूटने दो, अम्मी. छोटी को लेके चलते."

तोच आजार आहे का, ते डॉक्टर सांगतील. पण उद्या दवाखान्यात जाताना रिक्षात गौरी आणि छोटी, दोघी असतील!

पाहुणे आले की ज्याला आतल्या खोलीत बसवता, असं कुणी तुमच्याकडं आहे का?