डाव्या टाचेची आग

आधीच सांगते, असल्या गोष्टींची मी टिंगल करणारी बाई. कुणाच्या अंगात आलं की मी म्हणते, आधी शुगर तपासा. तरी हे लिहितेय, कारण मंगळवारपासून जिवाला चैन नाही.

मळवली स्टेशनपासून दहा मिनिटांवर आम्ही एक बंगला सांभाळतो. मी लोणावळ्यात हॉटेलच्या रिसेप्शनवर असते. माझे सासरे, आबा, बंगल्याच्या पत्र्यावरून पडले आणि कमरेखालची जाणीवच गेली. वर मधुमेह. मालकांनी जाडजूड गादी दिली आणि आम्ही निर्धास्त झालो - एवढ्या मऊ गादीवर कसली जखम? पण झाली. माकडहाडावर, मूठ जाईल एवढी. भरायला पाच महिने लागले.

ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टर चांगल्याच रागावल्या. गादी कसलीही असो, दर दोन तासांनी कूस बदलायचीच. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, हात लावून बघा - गरम, कडक लागलं की समजा सुरुवात. आणि चोळायचं नाही. पुन्हा झाली तर आबा वाचणार नाहीत, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मी कामावर असताना हे सासूबाईंकडे. पण आबांचा डोळा लागला की त्यांना हलवायचा सासूबाईंना जीवच होत नसे.

एकदा सकाळी अकराला, गेस्टचं आधार कार्ड बघताना माझी डावी टाच पेटली... निखारा ठेवल्यासारखी. चप्पल काढली, तर काहीच नाही. का कोण जाणे, घरी फोन लावला.

"आई, आबांची डावी टाच बघा."

"आत्ताच झोपलेत गं."

"आधी बघा."

फोन बाजूला ठेवून त्या आबांपाशी गेल्या. मग हळूच, "गरम लागतीय. तुला तितं बसून कसं कळलं?"

त्यांनी पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी केली. माझी आग थांबली.

मनाचे खेळ म्हणून मी सोडून दिलं. पण मग उजवा खुबा, मग घोटा... चार वेळा झालं, आणि जागा दरवेळी बरोबर. मला याचा रागच यायचा - आणि आग झाली नाही की भीती वाटायची.

माघात आबा न्यूमोनियाने गेले. शेवटची अंघोळ घालताना सासूबाईंनी पाठ, खुबे, टाचा, सगळं हात फिरवून बघितलं. एकही जखम नव्हती.

आणि परवा मंगळवारी, त्याच खुर्चीत, डावी टाच पुन्हा पेटली. घरी फोन केला. आता घरात अंथरुणावर कुणीच नाही. सासूबाई म्हणाल्या, "गावात कुणी पडून हाय का, बघून येते."

त्या दारोदार फिरून आल्या. कुणी सापडलं नाही. डॉक्टरांना माझ्या टाचेत काही दिसत नाही. मलाही अजून काही उलगडा झालेला नाही. हे लिहितानासुद्धा टाच जळतेय... आणि कुशीवर कुणाला वळवायचं, तेच कळत नाही.