एकोणतीसचा पाढा, समुद्राच्या तळाशी

अंदमानला जाऊन समुद्राखाली उतरायचं मी जाहीर केलं, तेव्हा घरात पहिला प्रश्न आला तो माझ्या दम्याचा. लहानपणी मला दमा होता. त्यापायी तिसरीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. अमडापूरला राहणारी माझी आत्या शिक्षिका; तिनंच मला आपल्याकडे ठेवून शिकवलं. अक्षरं, पाढे आणि मळ्यातल्या विहिरीत पोहणं. माझ्या कमरेला दोर बांधून ती काठावर उभी राहायची आणि वरून ओरडायची, "सातचा पाढा होईस्तोवर दम धर!" फुप्फुसं मजबूत व्हावीत म्हणून तिचा हा उपाय. कुठल्या डॉक्टरला विचारून केला होता, ते मी आजवर विचारलेलं नाही.

अकराव्या वर्षानंतर दमा उठला नाही. धाक मात्र राहिला. कॉलेजची सहल, मैत्रिणींचे ट्रेक, सगळं त्या धाकानं सोडलं. हे एक सोडायचं नाही, असं ठरवून तिकिटं काढली. एक माझं, एक आत्याचं.

मी खामगावला राहते, त्यामुळे गाडी शेगावहून धरली. हावड्यापर्यंत साधारण एक रात्र आणि एक दिवस जातो. तिथून विमानानं पोर्ट ब्लेअर, मग दोन-अडीच तासांच्या बोटीनं हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराजद्वीप. बोटीचं तिकीट आधीच काढा, ऐनवेळी मिळत नाही. उलटीची गोळी बोटीत चढण्याआधी घ्या. मी चढल्यावर घेतली.

गाडीत दशम्या सोडताना आत्या म्हणाली, "समुद्रात काय पाहाले जाऊन राह्यली वं? मासे त बाजारातही भेटतात."

"जिवंत पाहायचेत."

"मंग त्यायलेही इचार, तुले पाहाचं हाय का."

बेटावर पोचलो त्या संध्याकाळी किनाऱ्यावर फिरलो. वाळू इतकी बारीक की बोटांच्या बेचक्यांतून दोन दिवस निघत नाही. आत्यानं तुळशीपाशी ठेवायला एक देखणा शंख उचलला. मी म्हटलं, ठेव खाली, इथून शिंपला-शंख काही न्यायचं नसतं. ती कुरकुरत होती, तेवढ्यात शंखातून खेकड्याचे पाय बाहेर आले.

"माय वं! घरात मानूस हाय!" म्हणत तिनं तो आपणहून जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डायव्हिंग सेंटरवर फॉर्म भरायचा होता. नवख्यांना किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरवतात. फोटोंसकट साडेचार हजार लागले, पोहता आलंच पाहिजे असं नाही. फॉर्मवर प्रश्न होता: कधी दमा झाला होता का?

आत्या खांद्यावरून वाचत होती. "नाही लिव्ह."

"झाला होता ना पण."

"तवा झाला होता. आता हाय का?"

"कधी, असं विचारलंय."

मी 'हो' वर खूण केली. आत्यानं कपाळावर हात मारला. "मीच शिकवलं तुले खरं लिवाले. आता मलेच भोवून राह्यलं."

भोवलंच. डॉक्टरांचा कागद आणल्याशिवाय पाण्यात घेणार नाही, असं सेंटरनं सांगितलं. बेटावरच्या दवाखान्यात दुपारी नंबर लागला. डॉक्टरांनी छाती तपासली, नळीत फुंकायला लावलं, शेवटचा दमा कधी उठला ते दोनदा विचारलं आणि 'फिट' असं लिहून सही केली. पण तोवर दिवस गेला होता. डाइव्हनंतर चोवीस तास विमानात बसता येत नाही, आणि आमचं परतीचं विमान चौथ्या दिवशी दुपारी. म्हणजे तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत पाण्याबाहेर, नाहीतर नाहीच. तुम्ही जाणार असाल तर दमा, कान, हृदय, जे असेल त्याचा कागद घरूनच घेऊन निघा.

तिसऱ्या दिवशी आठ वाजता आम्ही किनाऱ्यावर. माझी प्रशिक्षक मौसमी, याच बेटावर जन्मलेली बंगाली मुलगी. आत्या ड्रेसचे पायचे दुमडून गुडघाभर पाण्यात उभी. माझ्या पाठीवर हवेची टाकी, तोंडात तिची नळी; कमरेइतक्या पाण्यात सगळं जमलं. खोल सरकलो तसं मी छाती भरून श्वास घेतला आणि धरला. विहिरीत धरायचे तसा. भोपळ्यासारखी वर आले. पुन्हा गेलो, पुन्हा वर. तिसऱ्यांदाही तेच.

"दीदी, फिर साँस रोकी ना?" मौसमीनं तोंडातली नळी काढली. "यहाँ सबसे पहला नियम यही है, साँस मत रोको. ऊपर आते वक्त फेफड़ा फट सकता है." मग घड्याळ पाहिलं. "अब एक ही बार का टाइम है. नहीं होगा तो छोड़ देते हैं."

मी काठाशी आले आणि आत्याला बोलू नये ते बोलले. "तुझंच शिकवलेलं आडवं येतंय. लहानपणापासून दम धर, दम धर!"

आत्या ओढणीचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "एकोणतीसचा पाढा येते ना?"

"आत्या, आता?"

"येते का नाही?"

"येतो."

"खाली मनातल्या मनात म्हण. एका ओळीले श्वास घे, दुसऱ्या ओळीले सोड. सातचा नोको म्हणू, तो तुले झोपीतही येते. एकोणतीसले ध्यान द्या लागते. भ्याले जागाच राह्यत नाही."

एकोणतीस एके एकोणतीस, घेतला. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, सोडला. बुडबुडे कानाजवळून खडखडत वर गेले. त्रिक सत्त्याऐंशीला गुडघे वाळूला लागले, आणि मी खालीच राहिले.

मग दिसायला लागलं. प्रवाळाच्या खडकावर निळे-हिरवे पोपटमासे दातांनी खरवडत होते. त्यांचा आवाज स्पष्ट येतो, कोणी शेजारी बसून फुटाणे खातंय तसा. झालरीसारख्या समुद्रफुलातून बोटाएवढा नारिंगी मासा माझ्या अंगावर धावून आला, घर राखायला. वाळूवर एक समुद्रकाकडी निवांत पडली होती, हुबेहूब सुकलेल्या दोडक्यासारखी. कशालाही हात लागू नये म्हणून मी दोन्ही हात छातीशी घट्ट धरले होते. हाताखाली छाती वर-खाली होत होती. तिचं ते काम मी इतक्या शांतपणे कधी पाहिलं नव्हतं.

वर आले तेव्हा आत्या कमरेपर्यंत भिजली होती. पुढे पुढे येत गेली असणार.

"किती झाला?"

"चारदा पुरा. पाचव्यांदा सत्तेपर्यंत."

"सत्ते किती?"

"दोनशे तीन."

"हं," म्हणाली, आणि माझं डोकं ओढणीनं पुसू लागली. माझ्या बोलण्याची माफी मी बोटीत मागितली. "तू काही खोटं नोयती बोलली," एवढंच म्हणून तिनं दशम्यांचा डबा उघडला. आत आता बेटावरची केळी होती.

घरी आल्यावर हिशेब लावायचा तर फोटो सहा, त्यातले चार धूसर. पावलांवर चपलेच्या पट्ट्याची उन्हानं उठलेली रेघ. आणि डॉक्टरांचा तो कागद. तो आत्यानं मागून घेतला आणि माझ्या पहिल्या वह्या ठेवलेल्या पेटीत ठेवला.

गेल्या रविवारी अमडापूरला गेले होते. शेजारच्या काकू फोटो पाहायला आल्या. "काऊन वं बाई," त्यांनी आत्याला विचारलं, "या पोरीले दमा होता ना?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मग नीट, एकेक शब्द तोलून सांगितलं, "होता, हाव. आता नाही. कागद हाय, दाखवू?"